चित्रकर्म कीं चित्रकपट ?

छायाचित्र खोटें बोलत नाहीं, असा एक समज आपल्या सुशिक्षित समाजांत फार दिवसांपासून रूढ आहे. तो पूर्वींही पुरता खरा नव्हता. तथापि त्याच्यावर विसंबून आपण लग्नें जुळविलीं, घरें घेतलीं, औषधें आणलीं आणि वर्तमानपत्रें वाचलीं. गेल्या तीन-चार वर्षांत ह्या समजाचा पायाच खचला आहे. तो खचविण्याच्या कामीं राजकीय प्रचारक आणि सराईत भामटे हे तर आहेतच. परंतु त्यांच्या जोडीला आणखी एक मनुष्य नकळत लागला आहे, आणि त्याचाच विचार आम्हांस येथें करावयाचा आहे. हा मनुष्य म्हणजे जाहिराती, माहितीपत्रकें, वेष्टनें, फलक व मुखपृष्ठें तयार करून देणारा, कष्टाळू, बहुधा प्रामाणिक, आणि बहुधा अल्प मोबदल्यावर राबणारा आपला डिझायनर होय.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून चित्र काढवून घ्यावयाचें, त्यावर फोटोशॉपसारख्या साधनानें संस्कार करावयाचे, त्यांत गिऱ्हाइकाच्या मालाचें खरें छायाचित्र बसवावयाचें, आणि हें मिश्रण एकजीव करून गिऱ्हाइकाच्या हवालीं करावयाचें, असा हा नवा धंदा आहे. त्यावर बंदी घाला असें म्हणणाऱ्यांत आम्ही नाहीं. त्याची आरती ओवाळणाऱ्यांतही नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच, कीं ह्या मिश्रणाचा हिशेब कोणी देत नाहीं, आणि हिशेब न देतां केलेल्या मिश्रणास आपल्या भाषेंत भेसळ म्हणतात.

वाद घालण्यापूर्वीं वस्तु काय आहे हें पाहणें उचित होय. फोटोशॉप हें साधन १९९० च्या फेब्रुवारींत बाजारांत आलें. थॉमस व जॉन नोल ह्या दोघां बंधूंच्या खटपटीचें तें फळ. छायाचित्रकाराच्या अंधाऱ्या खोलींतील सारी हातचलाखी त्यानें हळूहळू मेजावर आणून ठेविली. एकावर एक थर रचावे, नको तो भाग झांकावा, शेजारच्या रंगाचा ठसा घेऊन डाग बुजवावा, उजेड कमीअधिक करावा, हें सर्व बसल्या जागीं होऊं लागलें. परंतु त्यांतील प्रत्येक थर कोठून तरी आणावा लागे. कोणी तरी कोठें तरी उभें राहून तो टिपलेला किंवा रेखाटलेला असे.

चित्रयंत्रांची गोष्ट निराळी. २०२२ सालीं मिडजर्नी व स्टेबल डिफ्यूजन हीं यंत्रें सर्वांच्या हातीं आलीं. त्यांची तालीम अशी, कीं कोट्यवधि चित्रें व त्यांच्या शेजारचे शब्द यंत्रापुढें ठेवावयाचे. त्या चित्रांवर क्रमाक्रमानें ठिपक्यांचा धुरळा उडवीत न्यावयाचा, आणि तो धुरळा निवळून चित्र कसें बाहेर काढावें हें यंत्राकडून पुनःपुन्हां गिरवून घ्यावयाचें. ही तालीम पुरी झाली, म्हणजे नुसत्या धुरळ्यापासून आरंभ करून, आपण दिलेल्या शब्दांच्या अनुरोधानें, यंत्र एक नवेंच चित्र काढून देतें. 'लायन' ह्या संस्थेनें २०२२ सालीं जो संग्रह प्रसिद्ध केला त्यांत सुमारें ५८५ कोटि चित्रांचे दुवे वर्णनांसह होते, आणि स्टेबल डिफ्यूजनची तालीम त्याच्याच एका भागावर झाली. तीं चित्रें ज्यांनीं काढलीं त्यांची परवानगी घेतलेली नव्हती. पुढें २०२३ च्या मे महिन्यांत ॲडोबी कंपनीनें ही शक्ति चांचणीसाठीं प्रत्यक्ष फोटोशॉपमध्यें आणून बसविली, व त्याच वर्षीं सप्टेंबरांत ती सर्वांस खुली केली. आतां छायाचित्राच्या एका कोपऱ्याभोंवतीं रेघ ओढावी, 'येथें सायंकाळचा समुद्र' असे शब्द लिहावे, आणि समुद्र यावा. टिपलेलें कोठें संपलें व कल्पिलेलें कोठें सुरू झालें, ही सीमा त्या दिवसापासून एकाच पडद्यावर, एकाच कुंचल्याखालीं आली.

ह्या धंद्याचे कैवारी पहिला आधार घेतात तो इतिहासाचा. ते म्हणतात, जोडकाम काय आजचें आहे ? ऑस्कर रेलँडर यानें १८५७ सालीं तिसांहून अधिक कांचा जोडून 'जीवनाचे दोन मार्ग' हें चित्र केलें. हेन्री पीच रॉबिन्सन यानें १८५८ सालीं पांच कांचांपासून मरणोन्मुख मुलीचा देखावा उभा केला. आपल्याकडे स्टुडिओंतील रंगविलेले पडदे, त्यांवरचे जिने, कमानी व सरोवरें, काळ्यापांढऱ्या छायाचित्रावर हातानें चढविलेला शालूचा रंग, हें सर्व आपल्या आजोबांच्या भिंतींवर आहेच. कॅमेरा आला तेव्हां चित्रकला मेली म्हणून ज्यांनीं गळा काढला, ते आज हास्यास्पद ठरले. ह्या नव्या यंत्राविरुद्ध बोलणारेही उद्यां तसेच ठरतील.

हा युक्तिवाद अर्धा खरा आहे, आणि अर्धें सत्य हें पुऱ्या असत्यापेक्षां उलगडावयास नेहमींच कठीण. जोडकाम जुनें आहे हें आम्हांस मान्य आहे. परंतु रेलँडराच्या प्रत्येक कांचेपुढें कोणी तरी उभें राहिलें होतें. कोणतें अंग कोठून आलें हें तो सांगूं शकत होता. स्टुडिओंतील पडदा हा पडदा आहे, हें बसणाऱ्यास, टिपणाऱ्यास आणि पाहणाऱ्यास, तिघांसही ठाऊक होतें. त्यावरचा राजवाडा कोणी विकत घेत नव्हतें. आणि उदाहरण हवें असेल तर तें आपल्याच मुलखांत आहे. दादासाहेब फाळके यांनीं १९१९ च्या 'कालियामर्दन' चित्रपटांत युक्तीच्या छायाचित्रणानें डोहांतील झुंज दाखविली. पण त्या चित्रपटाच्या आरंभीं त्यांनीं काय केलें ? कृष्णाची भूमिका करणारी आपली लहान कन्या मंदाकिनी हिचा चेहरा व तिचे हावभाव त्यांनीं प्रथम पडद्यावर दाखविले, आणि मग प्रेक्षकांच्या देखत तिचा कृष्ण केला. म्हणजे आपल्याकडे ज्यानें दृश्य-चमत्काराचा पाया घातला, त्यानें मुखवटा आधीं हातांत धरून दाखविला आणि नंतर तोंडावर चढविला. इतिहासाचा आधार घेणाऱ्यांनीं इतिहासाची ही अर्धी बाजूही घ्यावी, एवढेंच आमचें मागणें आहे.

दुसरा आधार अलंकारशास्त्राचा. जाहिरात म्हणजेच अतिशयोक्ति. तिच्याकडून साक्षीदाराची सत्यनिष्ठा कोण मागतो, असें हे लोक विचारतात. काव्य शिकविण्यांत आमचा जन्म गेला, तेव्हां अतिशयोक्तीशीं आमचें वैर असण्याचें कारण नाहीं. पण अलंकार आणि असत्य यांत एक साधा भेद आहे : अलंकार हा ऐकणाऱ्यास अलंकार म्हणून कळतो. मुखास चंद्र म्हटल्यानें कोणा वराची फसवणूक झाल्याचें ऐकिवांत नाहीं. परंतु चटईक्षेत्र सहाशें चौरस फूट असतां चित्रांतील दिवाणखानाच हजार फुटांचा दिसूं लागला, म्हणजे तेथें अलंकार संपला आणि खरेदीखत सुरू झालें. खिडकींतून टेकडी दिसते असें चित्र असावें आणि प्रत्यक्षांत शेजारच्या इमारतीची पाण्याची टांकी दिसावी, ह्या प्रकारास मम्मटाच्या ग्रंथांत स्थान नाहीं. त्याचें स्थान दुसऱ्या ग्रंथांत आहे. स्थावर संपदेच्या २०१६ च्या कायद्याच्या १२ व्या कलमानें, जाहिरातींतील, माहितीपत्रकांतील किंवा नमुन्याच्या सदनिकेंतील खोट्या माहितीवर विसंबून ज्याचें नुकसान झालें त्यास भरपाई देण्याचें, आणि त्यास व्यवहारांतून बाहेर पडावयाचें असल्यास त्याची सारी रक्कम व्याजासह परत करण्याचें दायित्व बांधकाम करणाऱ्यावर टाकलें आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल पहिल्या वेळीं १० लाख, व पुन्हां तसें घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. 'हें चित्र यंत्रानें काढलें, आम्हीं नव्हे' अशी पळवाट ह्या कायद्यांत कोठेंही लिहिलेली नाहीं.

हा भेद व्यवहारांत कसा ओळखावा, असें कोणी विचारील. पैठणीचें उदाहरण घ्या. येवल्याच्या मागावर विणलेल्या साडीचें छायाचित्र नीट उजेडांत काढलें, आणि मागें यंत्राकडून वाड्याची ओसरी काढवून घेतली, तर त्यांत कोणाचें कांहीं गेलें नाहीं; ओसरी विक्रीस नाहीं. परंतु तीच साडी यंत्रानें कल्पिलेल्या युवतीच्या अंगावर चढविण्यास त्याच यंत्रास सांगितलें, म्हणजे तें निऱ्यांबरोबर काठही स्वतःच विणूं लागतें. पदरावरील मोराचीं पिसें कमीजास्त होतात, काठाची नक्षी दुसरीच होते, जरीस नसलेली झळाळी येते. घरीं पोंचलेली साडी चित्रांतल्यासारखी नसते. आणि गिऱ्हाईक बोल लावतें तो विणकरास, ज्यानें तें चित्र कधीं पाहिलेंही नाहीं. म्हणून आमचा नियम असा : जें विकावयाचें तें टिपलेलें असावें, जें केवळ सजवावयाचें तें कल्पिलेलें चालेल. हा नियम समजण्यास पदवी लागत नाहीं आणि पाळण्यास नवें साधन लागत नाहीं.

आतां आम्ही मुद्द्याच्या गाभ्याशीं येतों. ह्या मिश्रणांत संस्काराचें, म्हणजे ज्यास व्यवहारांत एडिटिंग म्हणतात त्याचें, काम नेमकें कोणतें ? यंत्राच्या चित्रांत दोष राहतात. हातास सहावें बोट फुटतें. खांब वरून पुढें आणि खालून मागें जातो. सांवल्या दोन दिशांस पडतात. कातडी मेणाची दिसते. कुशल मनुष्य हें सारें नीट करतो. खऱ्या छायाचित्रांतील उजेड डावीकडून आहे तर कल्पिलेल्या भागांतही तो डावीकडून आणतो. दोहोंतील रंगाची छटा, कणांची जाडी आणि दृष्टीची रेषा जुळवितो. मालाच्या बुडाशीं मऊ सांवली टाकतो, म्हणजे तो मेजावर तरंगत असल्यासारखा दिसत नाहीं. हें काम सोपें नाहीं. त्यास वर्षानुवर्षें कमावलेला डोळा लागतो, आणि त्या डोळ्याचा आम्हांस आदर आहे.

परंतु हाच कुंचला दोन धन्यांची चाकरी करूं शकतो. सहावें बोट खोडणें ही दुरुस्ति होय. पण चित्र कॅमेऱ्यानेंच टिपलें असें वाटावें एवढ्याचसाठीं त्यावर फिल्मचे कण पेरणें, भिंगाचा धूसरपणा आणणें, आणि मग 'आमच्या कारखान्यांतील एक दृश्य' असा मथळा खालीं घालणें, ही दुरुस्ति नव्हे. हें पुरावा पुसणें होय. क्रिया एकच, हेतु दोन. १९८२ च्या फेब्रुवारींत 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकानें उभ्या मुखपृष्ठावर मावावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकविले, तर त्यावरून केवढा गहजब झाला होता ! आज नदीच्या नदी निर्माण होते आणि कोणी विचारीत नाहीं. २०२३ सालीं बोरिस एल्डागसेन ह्या जर्मन कलावंतानें यंत्राच्या साह्यानें केलेलें चित्र 'सोनी जागतिक छायाचित्र स्पर्धे'च्या एका विभागांत निवडलें गेलें, तेव्हां त्यानें स्वतः व्यासपीठावर जाऊन पारितोषिक नाकारलें. छायाचित्र आणि यंत्रचित्र ह्या दोन भिन्न वस्तु आहेत, त्यांस एका पंक्तींत बसवूं नका, असें त्याचें म्हणणें होतें. यंत्राचा द्वेष्टा नव्हे, तर यंत्राशींच काम करणारा मनुष्य हें बोलत होता, हें विशेष.

हें सर्व परदेशांत चालतें, आपल्याकडे नाहीं, असा कोणाचा समज असेल तर तो सोडावा. एका शिक्षणसंस्थेचें माहितीपत्रक आमच्या पाहण्यांत आलें. संस्थेचें नांव येथें घेण्याचें प्रयोजन नाहीं. त्यांत ग्रंथालयाचें एक देखणें चित्र होतें. उंच कमानी, लांकडी जिना, आणि मेजाभोंवतीं हंसतमुख मुलेंमुली. त्या इमारतीस कमान नाहीं, जिना सिमेंटचा आहे, आणि तीं मुलें कोणत्याही हजेरीपटावर नाहींत. चित्रांतील पुस्तकांच्या पाठींवरचीं अक्षरें जगांतील कोणत्याच लिपींत बसत नव्हतीं. ज्या तालुक्याच्या गांवाहून एखादा बाप कर्ज काढून मुलीस तेथें धाडील, त्यास हा अलंकार होता असें सांगावयास कोण जाणार आहे ? ज्या ठिकाणीं सत्य काय तें शिकवावयाचें, त्याच ठिकाणच्या दारावरची पाटी खोटी असावी, यापरतें दुसरें दैन्य आम्हांस सुचत नाहीं. खऱ्या ग्रंथालयाचें खरें छायाचित्र साधें दिसलें असतें. पण त्यांतील पुस्तकें निदान वाचतां आलीं असतीं.

पाहणाऱ्याचें नुकसान हें असें. परंतु पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाचेंही येथें कांहीं जातें, आणि तें त्यास कोणी सांगत नाहीं. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानें २०२३ च्या फेब्रुवारींत एका चित्रकथेंतील लेखन व मांडणी यांस संरक्षण दिलें, पण तींतील यंत्रानें काढलेल्या चित्रांस नाकारलें. २०२२ सालीं कोलोरॅडो राज्याच्या जत्रेंत पहिलें आलेलें जेसन ॲलन यांचें यंत्रचित्र २०२३ च्या सप्टेंबरांत असेंच नाकारण्यांत आलें. २०२५ च्या मार्चांत तेथील अपील न्यायालयानें कर्ता मनुष्यच असला पाहिजे हें तत्त्व उचलून धरलें. आपल्या १९५७ च्या कायद्यांत १९९४ च्या दुरुस्तीनें असें म्हटलें आहे, कीं संगणकानें निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती ज्यानें निर्माण करविली तो. हें कलम लिहिलें गेलें तेव्हां अशीं यंत्रें कोणाच्या हातीं नव्हतीं. 'करविणारा' म्हणजे शब्द लिहिणारा, यंत्र घडविणारा, कीं पैसे देणारा, हें त्या शब्दांवरून उलगडत नाहीं. तेव्हां जो दुकानदार आपलें बोधचिन्ह म्हणून असें चित्र घेतो, त्यास तें दुसऱ्यानें उचललें असतां अडवितां येईल कीं नाहीं, हाच प्रश्न राहतो. सातबाऱ्यावर कोणाचें नांव आहे हें न सांगतां जमीन विकणाऱ्यास आपण काय म्हणतों, तें वाचकांस ठाऊक आहे.

येथें एक मौज आहे, आणि ती ह्या धंद्यांतील चतुर मंडळींच्या लक्षांत आलेली दिसत नाहीं. त्याच अमेरिकन कार्यालयानें २०२५ च्या जानेवारींत आपला अहवाल प्रसिद्ध केला. नुसते शब्द लिहून चित्र मागविल्यानें कर्तृत्व येत नाहीं. परंतु यंत्राच्या चित्रांत मनुष्यानें स्वतः केलेली निवड, मांडणी व फेरफार यांत कर्तृत्व असूं शकतें, व तेवढ्या भागास संरक्षण मिळूं शकतें, असें त्यांत म्हटलें आहे. म्हणजे चित्रावर मालकी सांगावयाची असेल तर आपला हात कोठें फिरला हेंच दाखवावें लागणार. थर वेगळे ठेवलेली मूळ फाइल, प्रत्येक थराची नोंद, कोणता भाग टिपलेला आणि कोणता मागविलेला याची यादी, हाच त्याचा दस्तऐवज. जो आपला सांधा लपवितो तो आपलाच हक्क पुसतो. लबाडी आणि तोटा यांची अशी सोयरीक क्वचित् पाहावयास मिळते.

याहून खोल नुकसान तिसरेंच आहे, आणि त्याचा वाटेकरी आपला सारा समाज आहे. यंत्र जें देतें तें कोट्यवधि चित्रांच्या संस्कारांतून देतें, आणि त्या कोटींत आपण थोडे आहों. 'रेस्ट ऑफ वर्ल्ड' ह्या नियतकालिकानें २०२३ सालीं मिडजर्नीकडून निरनिराळ्या देशांसंबंधींचीं तीन हजार चित्रें काढवून पाहिलीं. 'भारतीय व्यक्ति' मागितली असतां बहुतेक वेळां दाढीवाला वृद्धच समोर आला. आपल्या रोजच्या कामांतही हेंच घडतें. नऊवारी मागावी तर कासोट्याचा पत्ता नसतो. नथ उजव्या नाकपुडींत जाऊन बसते. आणि देवनागरी अक्षरांस अशा वेलांट्या फुटतात, कीं पंतोजींनीं छडीच उगारावी. आंधळेपणानें हीं चित्रें छापत राहिल्यास, आणि तींच पुन्हां पुढच्या यंत्रांच्या तालमीस गेल्यास, दहा-वीस वर्षांनीं आपल्या नातवंडांस नऊवारी कशी नेसतात हें चुकीच्या चित्रावरून शिकावें लागेल.

ज्या महाराष्ट्रानें १९०९ सालीं 'मनोरंजन'च्या दिवाळी अंकापासून एक निराळीच परंपरा सुरू केली, ज्यानें धुरंधरांसारख्या चित्रकाराच्या हातची मराठी स्त्री पाहिली, ज्यानें १९४५ पासून 'दीपावली' काढणाऱ्या दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठांसाठीं आणि रघुवीर मुळगांवकरांच्या देवदेवतांसाठीं अंक जपून ठेविले, त्या महाराष्ट्रास चित्रकाराचें नांव काय असतें हें सांगावयास नको. त्या चित्रांखालीं सही असे. सही म्हणजे नुसता अभिमान नव्हे. सही म्हणजे 'चूक झाली तर मला विचारा' असें लेखी वचन. आज अंकाच्या अनुक्रमणिकेंत मुखपृष्ठाच्या नांवापुढें रिकामी जागा राहिली, किंवा तेथें नुसतें छापखान्याचें नांव आलें, तर कोणास विचारावयाचें ? ज्यांची चित्रें यंत्राच्या पोटांत गेलीं त्यांस मोबदला नाहीं, आणि जें बाहेर आलें त्यास धनी नाहीं, असा हा निनांवी संसार आहे.

आतां ह्या धंद्यांतील प्रामाणिक तरुणांचा एक आक्षेप. तो आम्हांस खरोखर विचार करण्याजोगा वाटतो. ते म्हणतात, 'गिऱ्हाइकास खरें सांगितलें कीं यंत्राचें साह्य घेतलें, तर तो म्हणतो, मग पैसे कसले ? पांच मिनिटांचें काम !' आणि ह्या भीतीनें ते गप्प राहतात. त्यांची अडचण खरी आहे. उपाय मात्र चुकीचा आहे. वैद्याची फी मुळीच्या वजनावर ठरत नाहीं. कोणती मुळी, कोणास, किती द्यावी ह्या ज्ञानावर ठरते. शंभर चित्रांतून नव्व्याण्णव टाकण्याची अक्कल, काठाची नक्षी बिघडली हें ओळखणारा डोळा, आणि 'हें दाखवूं नका, हें खोटें ठरेल' असें गिऱ्हाइकास सांगण्याची छाती, ह्या तीन गोष्टी यंत्र देत नाहीं. त्यांचे पैसे मागावे, आणि उघड मागावे. मौन राखून मिळविलेली किंमत ही उसनी किंमत आहे. ज्या दिवशीं गिऱ्हाईक तेंच यंत्र स्वतःच्या मोबाइलवर उघडील, त्या दिवशीं ती व्याजासह परत जाईल. आणि गिऱ्हाइकांसही आम्ही सांगतों, कीं खरें सांगणाऱ्याचे पैसे कापणें म्हणजे पुढच्या वेळीं खोटें विकत घेण्याची ऑर्डर आजच नोंदविणें होय.

दुसऱ्या बाजूचा अतिरेकही आम्हांस मान्य नाहीं. यंत्रास स्पर्श करणारा तो कलेचा खुनी, अशी आरोळी ठोकणारे लोक सोन्याच्या ताटांत जेवणारे असतात. तालुक्याच्या बाजारांत लोणचीं-पापड विकणाऱ्या बचतगटाच्या बायांस स्टुडिओ भाड्यानें घेणें परवडत नाहीं. त्यांच्या बरणीचें मोबाइलवर काढलेलें छायाचित्र कोणी स्वच्छ केलें, मागचा पसारा काढून यंत्राकडून आंब्याची डहाळी मागवून घेतली, तर त्यांच्या घरांत चार पैसे अधिक येतील. ह्या कामास आम्ही आशीर्वादच देऊं. बरणी खरी असावी, फोडींचा रंग खरा असावा, आणि लोणचें घालणाऱ्या आजी म्हणून यंत्रानें कल्पिलेली म्हातारी छापूं नये, म्हणजे झालें. खऱ्या आजी त्या गटांत आहेत. त्यांची परवानगी घेऊन त्यांसच उभें करावें.

तेव्हां आमच्या मागण्या थोड्या आणि साध्या आहेत. कामाच्या करारांत यंत्राचा उपयोग होईल कीं नाहीं, व झाल्यास कोठें, हें आधीं लिहावें. विकावयाची वस्तु, विकावयाची जागा आणि साक्ष म्हणून उभें केलेलें माणूस, हीं तिन्ही टिपलेलींच असावीं. जेथें पाहणाऱ्याचा गैरसमज होण्याचा संभव आहे, तेथें 'कल्पनाचित्र' हे शब्द वाचतां येतील अशा टायपांत चित्राखालींच छापावे. मूळ फाइल थरांसह गिऱ्हाइकाच्या हवालीं करावी, आणि काम करणाऱ्याचें नांव जेथें शक्य तेथें द्यावें. चित्राच्या पोटांतच त्याचा जन्मवृत्तांत नोंदविण्याची पद्धति २०२१ पासून जगांतील मोठमोठ्या कंपन्यांनीं मिळून आखली आहे, ती वापरावी. परंतु ती नोंद सहज गळून पडते, म्हणून केवळ तिच्यावर विसंबूं नये. छापलेल्या शब्दाचें काम छापलेल्या शब्दानेंच करावें.

आणि वाचकांकडेही आमचें एक मागणें आहे. हा प्रश्न कायद्यानें पुरता सुटणार नाहीं, विचारणाऱ्यांनीं सुटेल. घर पाहावयास जातांना 'ह्या चित्रांतील कोणता भाग बांधणार आहां ?' असें बिल्डरास विचारावें. साडी मागवितांना 'हिचेंच छायाचित्र पाठवा' असें दुकानदारास सांगावें. दिवाळी अंक हातीं घेतला कीं मुखपृष्ठ कोणाचें हें आधीं शोधावें, आणि न सांपडल्यास संपादकांस पत्र टाकावें. सुशिक्षित कुटुंबें दूध पाण्याचें आहे कीं काय हें रोज पाहतात, तांदूळ निवडून घेतात, सोनें कसाला लावतात. एका चित्रालाच कसोटी नको, असें कां असावें?

कल्पना आणि वास्तव यांचा संगम हा कलेचा जुना धर्म आहे, आणि नव्या यंत्रानें त्या संगमावर आणखी एक घाट बांधला, तर त्याचें आम्हांस दुःख नाहीं. ज्याला तेथें उतरावयाचें त्यानें उतरावें. मात्र कोणतें पाणी कोणत्या नदीचें हें त्यानें सांगावें. आणि तो सांगत नसेल तर पैसे मोजण्यापूर्वीं आपण विचारावें. विचारण्यास कांहीं लागत नाहीं. न विचारण्याची किंमत मात्र कोणी तरी, कोठें तरी, आपल्या घामाच्या पैशानें मोजीतच असतो.